लाल जाकीट अंगावर असताना

मॅनेजरबाई म्हणाल्या, "टीम म्हणजे काय? टीम म्हणजे कुटुंब," आणि इन्चार्ज सिस्टरच्या डोक्यात तिडीक गेली. कारण

सिस्टर, सलाईन संपलंय!

कारण कुटुंब म्हणजे काय, हे तिला पुरतं ठाऊक होतं. तिची सख्खी थोरली जाऊ तिच्याच वॉर्डात स्टाफ नर्स होती. घरी थोरलीचा शब्द चालायचा. भाजीत मीठ कमी पडलं की ती सगळ्यांदेखत विचारायची, "अगं, डबा रिकामा झाला का हात आखडला?" वॉर्डात मात्र तीच धाकटीला "हो सिस्टर, आणते सिस्टर" म्हणायची. दाराशी चपला बदलाव्यात तसं दोघींनी हे सांभाळलं होतं. आणि आता ही टेबलापलीकडची बाई म्हणत होती, की त्या थोरलीनं संध्याकाळच्या राउंडला

सिस्टर, बारा नंबरचे नातेवाईक भांडतायत!

सगळ्या वॉर्डासमोर मोठ्या सर्जनांची माफी मागायची.

"आणि नाही मागितली तर?"

"त्यांचं कंत्राट संपतंय ना या महिन्यात?" मॅनेजरबाईंनी गळ्यातलं ओळखपत्र सरळ केलं. "मी काही बोलत नाही. तुम्ही समजूतदार आहात."

घडलं होतं एवढंच. सकाळी थोरली लाल जाकीट घालून इन्सुलिन देत होती. सर्जन आले आणि म्हणाले, "सिस्टर, ड्रेसिंगची ट्रॉली." थोरलीनं मान वर न करता एक बोट वर केलं. थांबा. सर्जनांना आजवर कुणी बोट दाखवलं नव्हतं. ते तसेच पाय आपटत वर ऑफिसात गेले.

ते जाकीट इन्चार्जनंच शिवलं होतं, वॉर्डाच्या जुन्या पडद्याचं. त्याआधी एका आजोबांना शेजारच्या खाटेचं इन्सुलिन गेलं होतं. नर्स औषध भरत असताना कुणी तिला चादर मागितली, कुणी किल्ली, कुणी फोनवर बोलावलं. ती परत आली ती चुकीच्या खाटेपाशी. आजोबा घामानं निथळले, डोळे फिरले. वाचले, पण ती पोर नोकरी सोडून गेली. तेव्हा इन्चार्जनं पाठीवर पांढऱ्या धाग्यानं अक्षरं काढली: औषध चालू आहे, बोलू नका. मॅनेजरबाईंनी तर फोटो काढून वरच्या मजल्यावर चकचकीत फलक लावला होता. आमची टीम.

"नियम सगळ्यांना आहे ना?" इन्चार्जनं विचारलं.

"आहे की. पण सर म्हणजे काही सगळे नव्हेत."

सिस्टर, बेडपॅ

"आले म्हटलं ना!"

ती उठली. राग मॅनेजरबाईंचा आला होता, पण त्यांच्यावर काढायची सोय नव्हती. म्हणून ती तरातरा वॉर्डाच्या टोकाला गेली, थोरलीच्या ट्रॉलीपाशी कंबरेवर हात ठेवून उभी राहिली आणि सुटली, ताई तुम्हाला एक शब्द बोलायला काय झालं होतं, बोट कसलं दाखवता, तो काय भाजीवाला आहे, आता निस्तरायचं कुणी, मीच ना, घरी तुमचं ऐकायचं आणि इथं तुमच्यापायी ऐकून घ्यायचं, माझं कपाळच फुटकं, आणि ती बाई मला टीम शिकवते, आणि तुम्ही ढिम्म, माझ्याशी तरी बोला की!

थोरलीनं मान वर केली नाही. एक बोट वर केलं.

इन्चार्जचं तोंड उघडंच राहिलं. थोरलीच्या अंगावर लाल जाकीट होतं.

थोरलीनं सिरिंज उजेडाकडे धरली, टिचकी मारून बुडबुडा काढला, खाटेचा नंबर पाहिला, पेशंटला त्याचं नाव विचारलं, मनगटावरच्या पट्टीशी ताडून पाहिलं, सुई टोचली, सुई डब्यात टाकली, सही केली. मग जाकीट काढलं, घडी घातली.

"बोला सिस्टर."

इन्चार्जनं ट्रॉलीवरचा कापूस उगाच नीट लावला.

"मग मी बोलते. माफी मागेन मी. पोटासाठी मागेन. तुमचे भावजी घरी बसलेत, ते तुम्हाला सांगायला नको. पण सर मध्ये बोलले ते एक वेळ समजू. तुम्ही? हे जाकीट शिवताना दिवा धरून कोण बसलं होतं हो? मीच ना?"

सिस्टर, रिपोर्ट आलेत!

या हाकेवर इन्चार्ज जन्मात पहिल्यांदा खूश झाली आणि पळाली.

पळाली खरी, पण गाल दिवसभर पेटलेले होते. राग होता सर्जनांवर, मॅनेजरबाईंवर, त्या चकचकीत फलकावर, आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

संध्याकाळी इन्सुलिनची वेळ झाली तेव्हा तिनं कपाटातलं दुसरं जाकीट काढून अंगात चढवलं आणि थोरलीच्या शेजारी उभी राहिली. एकीनं भरायचं, दुसरीनं तपासायचं, असंच खरं तर व्हायला हवं. माणसं पुरत नाहीत म्हणून होत नव्हतं. थोरलीनं तिच्याकडे एकदा पाहिलं आणि सिरिंज पुढे धरली, धाकटीनं आकडा वाचला, थोरलीनं मान हलवली, पुढची खाट, दारातून सर्जन आले, मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका, पुढची खाट, मॅनेजरबाई म्हणाल्या चला आटपून घेऊ या, आकडा, मान, पुढची खाट, मॅनेजरबाई पुन्हा म्हणाल्या अहो इन्चार्ज, सर उभे आहेत, आणि दोन बोटं एकदम वर गेली.

कोपऱ्यातल्या खाटेवरचे काका म्हणाले, "थांबा डॉक्टर. औषध चालू आहे. आम्हीसुद्धा लघवी दाबून बसतो."

कुणीतरी फिसकन हसलं. सर्जन हलले नाहीत. त्यांना त्यांची माफी हवी होती.

शेवटची खाट झाली. इन्चार्जनं जाकीट काढलं आणि वॉर्डाच्या मधोमध आली.

"सकाळी या सिस्टर औषध देत होत्या," ती मोठ्यानं म्हणाली, "आणि मी मध्ये बोलले. ओरडले. हात चुकला असता, कुणाचा जीव गेला असता, तर माझ्यामुळे गेला असता. सिस्टर, माझं चुकलं. माफ करा."

"केलं," थोरली म्हणाली.

इन्चार्ज बाजूला सरली. जागा मोकळी केली.

"या सर. सकाळी आपण दोघं बोललो होतो मध्ये. आता तुम्ही."

सर्जनांचा चेहरा जाकिटासारखा झाला. ते वळले आणि गेले. घोळका मागोमाग.

"उद्या लेखी खुलासा," मॅनेजरबाई दात आवळून म्हणाल्या. "दोघींचा."

"एकीचा. वॉर्ड माझा, जाकीट माझं, खुलासाही मीच देणार. आणि या बाईंचं कंत्राट थांबलं, तर त्याच दिवशी जाकीट तुमच्या अंगावर. तुम्ही कुटुंबातल्याच ना? या, शिकवते सुई भरायला."

मॅनेजरबाईंच्या टाचा जिन्यापर्यंत वाजत गेल्या.

थोरली जवळ आली. वॉर्डात पहिल्यांदाच तिच्या तोंडून घरचा शब्द निघाला.

"अगं, पण गेलीच नोकरी तर?"

धाकटीनं तोंड उघडलं, आणि

सिस्टर, बेडपॅन!

"आले!" दोघी एकदम खेकसल्या.