रुपालीची सुट्टी

रुपालीनं सलवार घोट्यांच्या वर दुमडली आणि नावाड्याचा हात धरून होडीत पाय टाकला. होडी डुलली. तिनं कडेची फळी घट्ट धरली आणि मागं वळून पाहिलं. अजित धक्क्यावरच उभा होता. एका हातात त्याची टोपी, दुसऱ्या हातात तिच्या चपला.

“तू जाऊन ये,” तो म्हणाला. “मी आहे इथं.”

नावाड्यानं मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं की जागा आहे, साहेबांनीही यावं. अजितनं नुसती मान हलवली आणि तो माडांच्या सावलीत जाऊन बसला. रुपालीलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. होडी बरीच आत गेली, समोरच्या फळीवर बसलेल्या दोन जोडप्यांकडे तिचं लक्ष गेलं, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं की आता कुणी मागं थांबायची गरज नव्हती.

भोईवाड्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत सात-आठ वर्षं कुणीतरी एक जण मागं थांबलेला असायचा. अजितची आई, बकुळाबाई, अर्धांगवायूच्या झटक्यानं अंथरुणाला खिळल्या आणि त्याच महिन्यात रुपालीनं परळच्या लॅबमधली नोकरी सोडली. रक्ताचे नमुने घ्यायचं काम होतं; तिला ते आवडायचं. अजित पालिकेच्या पंपिंग स्टेशनवर. त्याच्या पाळ्या बदलत, त्याप्रमाणे हिचं बाहेर पडणं ठरे. तो घरी असला की ती बाजारात, बँकेत, डॉक्टरकडे. पुतणी अक्षदाचं लग्न दादरच्या हॉलमध्ये झालं, तेव्हा ही सकाळी मुहूर्ताला गेली आणि संध्याकाळच्या रिसेप्शनला तो. अल्बममध्ये दोघंही आहेत, एकाही फोटोत एकत्र नाहीत.

गेल्या श्रावणात बकुळाबाई गेल्या. मुलगा मयूर बंगळूरला असतो; त्यानं लक्षद्वीपची तिकिटं आणि परमिट काढून पाठवलं आणि फोनवर बजावलं की काहीही कारण सांगायचं नाही. म्हणून ते दोघं या अगत्ती बेटावर आले होते. खाडीसारखं शांत, उथळ पाणी, त्यापलीकडे प्रवाळाची कड, आणि कडेवर दिवसभर फुटणारी पांढरी रेघ. बेट इतकं चिंचोळं की काही ठिकाणी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना समुद्र दिसे.

होडीच्या तळाला काच होती. काचेखालून आधी नुसती वाळू गेली, मग हिरवं गवत, मग मेंदूसारखे वळ्यावळ्यांचे दगड. नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि बोट दाखवलं. गवतात एक मोठं कासव चरत होतं. घरातल्या सगळ्यात मोठ्या परातीपेक्षाही त्याची पाठ मोठी होती. तोंडानं गवत तोडायचं, थोडं पुढं सरकायचं, पुन्हा तोडायचं. कसली घाई नाही. मग ते वर आलं, होडीपासून हातभर अंतरावर त्यानं डोकं बाहेर काढलं, फस्सकन श्वास सोडला, नवा घेतला आणि खाली गेलं.

नावाडी सांगत होता की झोपेतसुद्धा त्याला श्वासासाठी वर यावं लागतं. समोरची मुलगी मोबाइलवर ते टिपत होती. रुपालीनं फोन काढलाच नाही. ती काचेवर वाकून बसली होती आणि मान अवघडली तरी तशीच बसून राहिली.

परत आल्यावर तिनं अजितला कासवाबद्दल सांगितलं. त्यानं नीट ऐकून घेतलं, किती मोठं होतं ते विचारलं. मग त्यानं तिच्या चपला तिच्या पायांपुढं ठेवल्या.

दुपारी जेवून तो बेटाच्या टोकाकडे निघाला. विमानाची धावपट्टी जिथं संपते तिथं बघण्यासारखं आहे, असं ते उतरले होते तिथल्या घरमालकिणीनं खुणांनी सांगितलं होतं. रुपाली खोलीवर थांबली. कुणी ठरवलं नव्हतं. पण तसंच झालं. तिला झोप अनावर झाली होती. इथं आल्यापासून रात्री ती दचकून उठायची, अंधारात कान देऊन बसायची आणि मग समुद्राचा आवाज ओळखू आला की पुन्हा पडायची. दिवसा मात्र झोप अंगावर यायची. ती पंख्याखाली आडवी झाली आणि मेल्यासारखी झोपली.

फोनच्या आवाजानं जाग आली. अजित फोन चार्जिंगला लावून तसाच गेला होता. सुभद्रावहिनींचं नाव होतं. मोठी जाऊ, राहायला वडाळ्याला. रुपालीनं फोन कानाला लावला, पण झोपेनं घसा बसला होता. ती काही बोलायच्या आत वहिनींनी सुरुवात केली.

“भाऊजी, अप्पांना शुक्रवारी सोडतायत. हे म्हणाले, गाडी थेट भोईवाड्यालाच आणतो. तुम्ही गुरुवारी पोचाल ना?”

रुपाली उठून बसली.

“वहिनी, मी बोलतेय.”

मग वहिनींचा आवाज मऊ झाला. “अगं, तू होय. बोलले ना भाऊजी तुझ्याशी?”

“हो,” रुपाली म्हणाली.

तेवढ्या एका शब्दावर वहिनी मोकळ्या झाल्या. अप्पा म्हणजे अजितचे धाकटे काका. बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही, घोडपदेवला एका खोलीत एकटेच राहत. महिन्यापूर्वी जिन्यात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन चांगलं झालं होतं. निघायच्या आदल्या दिवशी रुपाली स्वतः त्यांना मोसंब्याचा रस पाजून आली होती. पुढं काय, हे तेव्हा कुणीच बोललं नव्हतं. आता वहिनी सांगत होत्या की अजितनं आणि त्यांच्या यजमानांनी, म्हणजे राजारामनं, तेव्हाच ठरवलं होतं. वडाळ्याची इमारत चौथा मजला बिनलिफ्टची, वहिनींचे गुडघे कामातून गेलेले. तुमच्याकडे कॉट आहेच. अजित म्हणाला होता, तिला तिकडं गेल्यावर सांगतो, जरा विश्रांती झाली की.

“तुझा हात चांगला आहे गं,” वहिनी शेवटी म्हणाल्या. “आम्हाला नाही जमत ते.”

रुपालीनं फोन होता तसा चार्जिंगला लावून ठेवला. मग उशीचा अभ्रा काढला, उलटा करून पुन्हा घातला. पलंगाची चादर चारी बाजूंनी खेचून सपाट केली. त्यानंतर करण्यासारखं काही उरलं नाही, म्हणून ती दारातल्या पायरीवर जाऊन बसली.

अजित आला तो नाक आणि कपाळ लालबुंद करून. खूश होता. वाटेत माशांचे तुकडे उन्हात वाळत घातलेले बघितले, लाकडासारखे कडक, आणि त्या वासानं गावची आठवण झाली, असं म्हणाला. टोकाला उभं राहिलं की उजवीकडे एक समुद्र, डावीकडे दुसरा. घरमालकीण चहा घेऊन आली. रुपालीनं कप हातात घेतला आणि ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो बोलेल असं तिला वाटत होतं. त्यानं चहा संपवला, कप विसळून पालथा ठेवला आणि उद्या पाऊस तर येणार नाही ना, असं विचारलं. फेब्रुवारी महिना होता. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरून कासवं बघायची होती. नावाडी न्यायला आला. अजितनं टोपी हातात घेतली आणि नेहमीप्रमाणे म्हणाला, तू जाऊन ये.

“आज तुम्हीपण या,” रुपाली म्हणाली.

तो म्हणाला, खोली आहे, फोन आहे. तिनं दाराला कुलूप लावलं आणि चावी घरमालकिणीच्या हातात दिली.

नावाड्यानं दोघांना फुगीर जाकिटं घातली, डोळ्यांवर काचा बांधल्या, तोंडात श्वासाची नळी दिली. अजितचा जन्म देवगडजवळचा, पण वडील लवकर गेले आणि लहानपणीच अप्पांनी त्याला मुंबईला आणलं. पोहायला तो शिकलाच नव्हता. त्यानं नावाड्याचं रबरी कडं दोन्ही हातांनी कवटाळलं. रुपालीनं एका हातानं कडं धरलं. नावाडी दोघांना ओढत नेत होता. पाण्याखाली तोंड घातलं की फक्त आपलाच श्वास ऐकू येत होता. तीन कासवं चरत होती. त्यातलं एक सावकाश त्यांच्या खालून गेलं, मग वर वळलं आणि अजितच्या अगदी पुढ्यात येऊन त्याच्या काचेकडे पाहून गेलं. अजितनं घाईनं तिचा दंड धरला. कासव दूर गेलं तरी त्यानं तो सोडला नाही.

नंतर नावाड्यानं त्यांना वाळूच्या एका पट्ट्यावर उतरवलं आणि तो होडीतलं पाणी उपसायला लागला. दोघं ओल्या कपड्यांनी बसली. अजित बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं वाळू उकरत होता.

“अप्पांचं…” तो म्हणाला.

“माहीत आहे. काल वहिनींचा फोन आला होता.”

तो तिच्याकडे न बघता बोलत राहिला. काल रात्रीच सांगणार होतो, म्हणाला. परवाही सांगणार होतो. अप्पांनी त्याला शाळेत घातलं, गिरणीतून थकून आल्यावर त्याच्यासाठी स्वयंपाक केला, नोकरीसाठी लोकांचे उंबरठे झिजवले. ते सगळं रुपालीला ठाऊक होतं. अप्पांवर तिचाही जीव होता. बकुळाबाईंच्या आजारपणात दर रविवारी पिशवीतून बोंबील घेऊन येणारं आणि ते स्वतः साफ करून देणारं माणूस तेवढं एकच होतं.

“आपल्याकडेच आणायचं त्यांना,” ती म्हणाली. “दुसरं कोण आहे.”

अजितनं श्वास सोडला. मग तो भराभर बोलू लागला. दोन तासांसाठी बाई ठेवू, मी पाळी बदलून घेतो, तुला त्रास होऊ देणार नाही. रुपालीनं त्याला बोलू दिलं. त्याचं बोलणं थांबल्यावर तिनं ओढणी पिळली आणि मांडीवर पसरली.

“मी आत्ता येत नाही पण.”

त्याला कळलं नाही.

“परमिटचे दिवस आहेत अजून. मयूरला सांगून माझं तिकीट पुढं ढकलते. तुम्ही जा. रजा वाढवून घ्या आणि अप्पांना घरी आणा.”

“एकटी राहणार इथं?”

तिनं ओढणीवरची वाळू झटकली.

“कधी येशील मग?”

“दमलेय मी, अहो,” रुपाली म्हणाली. “झोप पुरी झाली की येते.”

नावाड्यानं हाक मारली तेव्हा अजित आधी उठला. त्यानं हात पुढं करून तिला उभं केलं आणि होडीत चढताना तिचा तोल सांभाळला.

तो गेला त्या दिवशी ती धावपट्टीपर्यंत त्याच्याबरोबर गेली. त्यानं तिच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात आहेत ते दोनदा सांगितलं. तिनं फक्त अप्पांना नमस्कार सांगा म्हटलं. छोटं विमान उडालं, समुद्रावर कललं आणि दिसेनासं झालं. परतताना रस्त्यात तिला रडू आलं. कशाचं ते तिलाही सांगता आलं नसतं. घरमालकिणीनं काही विचारलं नाही. एकाच ताटात भात आणि माशाचं कालवण वाढून पुढं ठेवलं आणि शेजारी बसली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती, त्यामुळं जेवण निवांत झालं.

मग रुपाली झोपली. जेवायची, किनाऱ्यावर जाऊन बसायची आणि पुन्हा झोपायची. सुभद्रावहिनींचे फोन येऊन गेले. ते तिनं घेतले नाहीत. मयूरशी बोलली. त्यानं विचारलं, आई, भांडण झालंय का? ती नाही म्हणाली, आणि ते खरं होतं.

शुक्रवारी ऊन कलल्यावर अजितचा फोन आला. ती घोटाभर पाण्यात उभी होती. अप्पा घरी आले होते, प्रवास नीट झाला होता, पेज थोडी प्यायले होते. एवढं सांगून तो अडखळला.

“चादर ओली झालीये,” तो हळू आवाजात म्हणाला. “त्यांना उचलता येत नाही मला. खालची चादर काढायची कशी?”

आईंची काढायचात तशीच, असं ती म्हणणार होती. शब्द तोंडाशी येऊन थांबले. बाहेर पडायच्या आधी ती बकुळाबाईंचं सगळं आवरून ठेवायची. चादर, कपडे, भरवणं, औषध. तो यायचा, पेपर घेऊन उशाशी बसायचा. आई झोपली होती, असं संध्याकाळी सांगायचा.

“डॉक्टरांनी दिलेली उशी दोन्ही पायांच्या मध्ये घाला,” ती म्हणाली. “घातली?”

“थांब… हो.”

“आता चांगल्या बाजूला वळवायचं. एक हात खांद्यामागं, एक कमरेमागं. ओढू नका, स्वतःकडे घ्या. मग ओली चादर पाठीपर्यंत गुंडाळत न्यायची आणि कोरडी तिथंच पसरायची, अर्धीच. नंतर पाठीवर आणायचं आणि पलीकडून दोन्ही ओढून घ्यायच्या. दुखऱ्या बाजूवर भार नको.”

पलीकडून कॉटची करकर ऐकू आली, मग अप्पांचा मालवणीतला क्षीण आवाज, “हळू रे झिला.” अजितचा श्वास लागला होता. एका हातात फोन धरून त्यांना वळवणं त्याला जमत नव्हतं.

“हे तू एकटीच करायचीस?”

“हो.”

त्यानं फोन ठेवला नव्हता. ती ऐकत होती.

“आता फोन खाली ठेवा,” रुपाली म्हणाली. “दोन्ही हात लागतात.”