चिपळीचा प्रसाद

यशवंतरावांच्या घोडीचं नाव चिपळी, आणि हे नाव तिनं आपल्या पायांनी कमावलं होतं. रायपूरच्या पुरानी बस्तीतल्या फरशीच्या गल्लीतून ती चालू लागली की टापांचा असा ताल धरायची की पहिल्याच दिवशी यशवंतराव ओसरीवरून ओरडले होते, "सुशीला, ऐक वं! बुवा चिपळ्या वाजवून राहिले जसे!" रेल्वेतून निवृत्त झालेला, कीर्तनाच्या वेडात बुडालेला माणूस तो. त्याला टापांतही कीर्तनच ऐकू यायचं, त्याला कोण काय करणार?

लग्नात नवरदेव वाहून वाहून ती थकली, तशी बँडवाल्यानं तिला काढायची ठरवली. यशवंतरावांनी तिला घेतली आणि घरामागच्या बाडीत, परसात आणून बांधली. तेव्हापासून दत्तजयंतीला पालखीच्या पुढे चिपळी असायची. पाठीवर कोणी बसायचं नाही, फक्त गळ्यात झेंडूची माळ. झांजा मागून वाजायच्या आणि ताल मात्र तिचा असायचा.

या उन्हाळ्यात तो ताल बंद पडला.

आधी केसांचं झालं. वैशाखाच्या उन्हात गल्लीतली कुत्री नालीत जाऊन लोळत होती आणि चिपळीच्या अंगावर अस्वलासारखे लांब, कुरळे केस, गळायचं नावच नाही. बादली ठेवावी तर एका दमात रिकामी. पाठ खंगली, पोट सुटलं. म्हातारपण म्हणून घरच्यांनी तेही सोडून दिलं. मग एका सकाळी ती पुढचे पाय लांब ताणून, सगळा भार मागं टाकून उभी राहिलेली दिसली. एक पाऊल उचलायला तयार नाही.

जनावरांची डॉक्टर अबोली तेलीबांध्याहून आली. पुण्याकडची मुलगी, नोकरीसाठी रायपूरला आलेली. तिनं खुरांवर हात ठेवला, तर खूर गरम. रक्त तपासायला पाठवलं, आणि उत्तर आलं तेव्हा ओसरीवर बसून तिनं सगळं नीट समजावून सांगितलं.

"काका, याला कुशिंग म्हणतात. मेंदूच्या तळाशी एक बारकीशी ग्रंथी असते, ती म्हातारपणी बेताल होते. नको तेवढा रस सोडते. केस, पाणी, खंगणं, सगळं त्याच्यामुळे. आणि खुरांच्या आतली सूजसुद्धा."

"बरं होईल ना, बाई?"

"रोग जाणार नाही, पण दाबून ठेवता येतो. पर्गोलाइडची गोळी रोज, जन्मभर. ती कुटायची नाही, अख्खीच पोटात गेली पाहिजे. चणे, चोकर-कोंडा, गोड काहीही बंद. वाळलं गवत पाण्यात भिजवायचं, ते पाणी फेकायचं, मग घालायचं. पायांखाली मऊ पैरा, भाताचा पेंढा." मग तिनं आवाज खाली आणला. "खुरातलं हाड सरकायला लागलं, तर मात्र तिला त्या वेदनेत ठेवणं पाप आहे. मग कायमचं झोपवावं लागेल."

यशवंतरावांनी मान हलवली. उठून आत गेले आणि दत्ताच्या तसबिरीपुढे हात जोडले.

पथ्य सुरू झालं. सुशीलाबाई भल्या सकाळी गवत भिजत घालायच्या. नालबंद येऊन खूर तासून गेला. अंगावरचे केस मशीननं काढले तेव्हा गल्लीतली इंदू भिंतीवरून म्हणाली, "भाभी, घोड़ी का मुंडन करा दिए क्या?" गोळीनं पहिल्यांदा चिपळीची भूकच मेली. अबोलीनं निम्म्या ताकदीची गोळी दिली, मात्रा हळूहळू परत वाढवली, आणि भूक आली.

पण तोवर चिपळीनं गोळी ओळखली होती. आता ती घेणार कोण? गवतात दिली की चिपळी गवत खायची आणि गोळी ओठांनी बाजूला सारायची. पोळीत दिली की थुंकायची. शेवटी यशवंतरावांनाच युक्ती सुचली. रोज पूजेनंतर दत्तापुढचा गूळखोबऱ्याचा नैवेद्य असतोच. त्यातला लिंबाएवढा खडा घ्यायचा, आत गोळी दाबायची, "दिगंबरा" म्हणायचं आणि तिच्या तोंडापुढे धरायचं. चिपळीनं डोळे मिटून प्रसाद घेतला. देवाच्या हातानंच औषध जातंय म्हटल्यावर यशवंतराव निर्धास्त झाले. संध्याकाळी आरतीहून परतणाऱ्या बायाही तिला बत्तासे, साखरफुटाणे देऊन जायच्या, देवळाचे.

महिने गेले. केस नीट आले, पाणी कमी झालं, डोळ्यांत तेज आलं. पाय मात्र तसेच. अबोली चिमट्यानं खूर दाबून पाहायची आणि चिपळी थरथरायची.

"रक्तात तर औषध लागू पडलेलं दिसतंय," ती कोड्यात पडायची. "काका, गोड काही जात नाही ना पोटात?"

"एक कण नाही. दत्ताची शपथ."

आणि ते खोटं बोलत नव्हते हो. गोड म्हणजे जिलेबी, गोड म्हणजे शिरा. प्रसादाला गोड म्हणतं का कोणी?

पितृपक्षात अबोलीनं पुन्हा खूर दाबले. या वेळी तिनं यशवंतरावांकडे पाहिलंच नाही. "नवरात्र होऊ द्या, काका. तोवर फरक नाही पडला, तर आपल्याला ठरवावं लागेल."

नवरात्राच्या कीर्तनाला नागपूरहून श्रीपादबुवा आले. दरवर्षी त्यांचा मुक्काम यशवंतरावांकडेच. गडी असा की पूर्वरंगात लोकांना रडवील आणि उत्तररंगात हसवून घरी पाठवील. यंदा यशवंतराव झांज घेऊन मागे बसले होते, पण हात चुकत होता. आरतीनंतर बुवांनी फक्त पाठीवर थाप मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. यशवंतरावांनी गूळखोबरं बुवांच्या हातावर ठेवलं. बुवांनी ते डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं आणि हळूच परत वाटीत ठेवलं.

यशवंतराव चरकले. "बुवा, प्रसाद परत करता?"

"परत कुठं केला? घेतला की. साखर झाली आहे मला, यशवंतराव. देवानं दिलं, मी डोळ्यांनी घेतलं. पोटात जायचं तेवढं राहिलं, ते एखाद्या पोराला द्या."

"पण बुवा, प्रसादानं काय होते? देवाचा आहे तो."

बुवा कीर्तनातल्यासारखे खदखदून हसले. "देवाचा झाला म्हणून गुळाचा गुळपणा गेला का हो? गेला असता तर प्रसाद गोड कशाला लागला असता? देव भाव घेतो आणि गूळ आपल्याकडेच ठेवतो. मागच्या वर्षी प्रसाद म्हणून आठवडाभर पेढे खाल्ले, तर पायाची जखम भरेना. डॉक्टर मला असं बोलला, असं बोलला, की काय सांगू!"

यशवंतरावांच्या दुसऱ्या हातात चिपळीचा खडा होता, आत गोळी दाबलेला. तो हात तसाच अधांतरी राहिला.

"सुशीला..."

"काय झालं? घाबरे काहून झाले?"

"मीच तिले रोज गूळ चारून राहिलो वं."

सुशीलाबाईंनी त्या खड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "आणि मी पहाटे उठून गवताची साखर धुवून राहिली! हव ना, धुवा अजून!" म्हणत त्या मटकन पायरीवर बसल्या, आणि हसावं की रडावं हे न कळून दोन्ही करू लागल्या.

अबोलीला फोन लागला. यशवंतरावांनी सगळं सांगितलं.

"काका, मी गोडाचं विचारलं होतं."

"गोडाचं विचारलं, बाई. प्रसादाचं कुठं विचारलं तुम्ही?"

मग पलीकडून हसू फुटलं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा. "अहो, म्हणजे एकाच घासात औषध आणि दुखणं! काका, ही वाईट बातमी नाहीये. कारण सापडलं. आजपासून एक खडासुद्धा नाही. मग बघू."

त्या दिवसापासून चिपळीचा प्रसाद बदलला. पूजा झाली की यशवंतराव गुळाचा खडा तिच्या कपाळाला लावायचे आणि बुवांसारखा परत वाटीत ठेवायचे. गोळी दत्ताच्या पायाशी ठेवून मग दोडक्याच्या फोडीत कोंबायची, ही सुशीलाबाईंची अक्कल. पहिली फोड चिपळीनं त्यांच्याच पदरावर थुंकली. "नखरे पाहा पोट्टीचे!" म्हणत त्यांनी दुसरी दिली, तिसरी दिली. चौथी गेली पोटात.

संध्याकाळी बाडीच्या फाटकापाशी सुशीलाबाई पोलिसासारख्या उभ्या राहू लागल्या. इंदू कुरकुरली, "भाभी, भगवान का है, नुकसान थोड़े करेगा."

"माथे पे लगा दो, इंदू. आपली घोडी आता बुवा झाली आहे. प्रसाद डोळ्यांनी घेते."

दिवाळीत खूर गार लागले. यशवंतरावांनी कोणाला सांगितलं नाही; दृष्ट लागेल असं वाटलं. मग एकदा पाण्याच्या बादलीकडे ती स्वतःहून दोन पावलं आली. तेही त्यांनी मनातच ठेवलं.

दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी अबोली आली. चिमट्यानं खूर दाबला. चिपळी शांत. आणखी जोरात दाबला. चिपळीनं मान वळवून, काय चाललंय तुझं, अशा नजरेनं तिच्याकडे पाहिलं.

"काका," अबोली चिमटा खाली ठेवत म्हणाली, "आता आपल्याला काही ठरवायचं नाहीये. गोळी मात्र जन्मभर. आणि पालखीबिलखी नाही, हं. मऊ जमिनीवर जरा फिरवा फक्त. फरशीवर अगदी पाच-दहा पावलं."

"पाच-दहा पुरे," यशवंतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी पालखी गल्लीत आली तेव्हा ते चिपळीला घेऊन फाटकापाशी उभे होते, गळ्यात झेंडूची माळ. पालखी दारापुढे थांबली. झांजा थांबल्या. चिपळीनं कान टवकारले, एक पाय फरशीवर ठेवला, मग दुसरा.

टक-टक, टक-टक.

सगळी गल्ली चिडीचूप ऐकत होती. पालखीपाशी जाऊन चिपळीनं मान खाली घातली. पुजाऱ्यानं पेढा तिच्या कपाळाला लावला आणि सवयीनं तो यशवंतरावांच्या हातात द्यायला निघाला.

"त्यांलेबी नका देऊ," मागून सुशीलाबाई म्हणाल्या. "रक्त तपासून आणलं त्यांचं मी, साखर निघाली. आजपासून हेबी डोळ्यांनीच घेतील."

गल्ली हसली. यशवंतरावांनी पेढा डोळ्यांना लावला. मग झांजा सुरू झाल्या, कोणीतरी त्यांच्याही हातात झांज दिली, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांचा हात तालावर पडला.