बोट ठेवलं तिथं सही

त्या दिवशी संकष्टी होती. रेणूनं देवाला दूर्वा वाहिल्या, घरातलं आवरलं आणि नल्लकुंट्याहून नवऱ्याबरोबर, सुधीरबरोबर, ती दवाखान्यात आली. डावा स्तन काढून तीन महिने झाले होते. आजची नेहमीचीच तपासणी. सुधीर गाडी लावायला गेला आणि नेमका तेव्हाच तिचा नंबर लागला. डॉक्टरांसमोर ती पहिल्यांदाच एकटी बसली.

“जखम अच्छी भरी, अम्मा,” डॉक्टरीणबाई फाइल चाळत इथल्या हिंदीत म्हणाल्या. “गाँठ छोटी थी आपकी. सिर्फ गाँठ निकालके रेडिएशन का सेंक देते तो भी उतनाच फायदा था. आप नक्को कायकू बोले?”

“मेरेकू कोई पूछेच नै.”

बाईंनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद तिच्याकडं फिरवला. वर सगळं इंग्रजीत, खाली तिचीच मराठी सही. सुधीरनं बोट ठेवून “इथं कर” म्हटलं होतं. गॅसचा कागद असो की शाळेचा, चोवीस वर्षं तो बोट ठेवी आणि ती सही करी.

बाहेर सुधीर बाकावर बसला होता.

“दोन वाटा होत्या म्हणे.”

त्यानं किल्ली या हातातून त्या हातात घेतली. “सेंक म्हणजे महिनाभर रोज इथं खेटे. कुकटपल्लीच्या व्याह्यांना कळलं असतं, आपल्या ईशाचं जमलेलं लग्न मोडलं असतं. आईचा आजार लोक मुलीत बघतात.”

“ईशाला माहीत होतं?”

“तिला विचारूनच केलं.”

रेणूचा हात पदराआडच्या कापसाच्या घडीवर गेला. रोज दिवा लावताना ती म्हणायची, देवा, तू जीव ठेवलास, बाकीचं नेलंस तर ने. नेणारा देव नव्हताच.

“मला विचारलं असतंत तर पोरीसाठी मीही कदाचित हेच म्हटलं असतं,” ती म्हणाली. “आता ते मलासुद्धा कधी कळायचं नाही.”

नर्सनं पुढच्या तपासणीचा कागद आणला. सवयीनं सुधीरनं बोट ठेवलं. रेणूनं ते बाजूला सारलं.

“आधी वाचून दाखवा. मराठीत, सगळं.”

“लोक बघतायत.”

“बघू देत. संध्याकाळी कुकटपल्लीलाही मीच सांगणार आहे.”

तो खालच्या आवाजात वाचू लागला. शेजारच्या बाकावर एक बाई पेन धरून बसली होती. तिच्या नवऱ्याचं बोट कागदावर होतं. रेणू तिच्याकडं वळली.

“पैले पूछो अम्मा, क्या लिखा है.”