तीन शेवटांचा कागद

२६१

भिवराबाईंनी काउंटरवर मोबाइल ठेवला आणि त्या बाकावर बसल्या.

"हे वाच."

"काय हाय मावशी?"

"वाच म्हणलं ना."

धारूरच्या बाजारात गंगासागरचं ऑनलाइन सेंटर आहे. दोन संगणक, एक प्रिंटर, एक बाक. तिनं फाईल संगणकावर घेतली. भिवराबाईंचं वाटणीचं संमतीपत्र. महिन्यापूर्वी याच बाकावर बसून त्यांनी मोबाइलवर आलेला ओटीपी सांगितला होता आणि कागदावर त्यांची सही उमटली होती. त्याआधी गंगासागरनं तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवला होता. ज्याला वाचता येत नाही त्याला ती वाचून दाखवते, मागं कितीही गर्दी असो.

आता ती तोच कागद वाचत गेली आणि मध्येच थांबली.

"भिवराबाईंच्या हिश्श्याला वीस गुंठे."

"तवा तू एक एकर वीस गुंठे वाचलतंस. आन् इहिरीत निम्मं पाणी."

"व्हय."

"मग एकर कुठं गेला? इहीर कुठं गेली?"

पानाच्या खाली सही होती. सहीवर हिरवी खूण होती.

"हनुमानानं हा कागद कचेरीत नेऊन मंडळ अधिकाऱ्याकडं दिला," भिवराबाई म्हणाल्या. हनुमान म्हणजे त्यांच्या दिराचा मुलगा. "फेरफाराची नोटीस निघाली, तिच्यासंगं हा मोबाइलवर आला. हरकत घ्यायला आजचाच दिस हाय. सहा वाजंपतूर." मग त्यांनी आवाज न चढवता विचारलं, "तू त्याला सामील हायेस का?"

"न्हाई मावशी."

"मग तवा खोटं वाचलंस का आत्ता खोटं वाचतीस?"

दोन्ही वेळा गंगासागरनं समोर दिसलं तेच वाचलं होतं.

२४८

सेंटर चालवणारी माणसं कागद वजनानं ओळखतात. सरकारी संकेतस्थळ अडीचशे केबीच्या वरची फाईल घेत नाही. म्हणून फोटो दाबायचा, शिक्का फिका करायचा, कडा कापायच्या. या फाईलला तिनं अर्धा तास घातला होता आणि सही झाल्यावर ती दोनशे अठ्ठेचाळीसवर बसली होती. तिची स्वतःची प्रत उरली नव्हती, कारण गिऱ्हाइकांचे कागद ती दर शनिवारी पुसून टाकते. आकडा मात्र डोक्यात राहिला होता.

आता तीच फाईल दोनशे एकसष्ट होती.

एक एकर कमी झाला होता. विहीर गेली होती. आणि वजन तेरा केबीनं वाढलं होतं.

"कमी झाल्यावर जड कावून झालं?" ती स्वतःशीच बोलली.

"मला काय इचारती," भिवराबाई म्हणाल्या.

खूण

इथं गंगासागरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी.

तिच्या संगणकावर कागद उघडायचं जे सॉफ्टवेअर आहे, ज्याला सगळे रीडर म्हणतात, ते सहा वर्षं जुनं आहे. नवं घ्या म्हणून रोज चौकट येते आणि रोज ती बंद करते. एकदा घेतलं होतं. तेव्हा प्रत्येक सातबाऱ्यावर पिवळं प्रश्नचिन्ह यायला लागलं. प्रश्नचिन्हाचा कागद कुणी घेत नाही. बँक घेत नाही, कॉलेज घेत नाही, गिऱ्हाईक तर मुळीच घेत नाही. तिनं जुनं परत टाकलं आणि हिरवी खूण परत आली.

तेच जुनं रीडर तिनं पेनड्राइव्हवर इतरांना दिलं. आष्टीच्या सेंटरला, गेवराईच्या दोन सेंटरांना. लोक त्याला धारूरवालं म्हणतात. मंडळ अधिकारी राधाकिशन साहेबांनी एकदा फोन केला होता, "बाई, आमच्याकडं हिरवी येईना." त्यांच्या संगणकावर तिनं स्वतः जाऊन ते टाकून दिलं होतं.

आत

चार वाजून दहा मिनिटं.

फाईलच्या पोटात काय आहे ते जसंच्या तसं दाखवणारं एक फुकट सॉफ्टवेअर तिनं उतरवून घेतलं. त्यातून कागद उघडला.

पान नव्हतं. शिक्का नव्हता. अक्षरांचा चिखल होता, हजारो ओळी, आणि मध्येच ओळखू येणारा एखादा शब्द. ती खाली गेली. एके ठिकाणी फाईल संपल्याची खूण होती.

पण फाईल संपली नव्हती.

त्याखाली पुन्हा मजकूर. त्यात भिवराबाईंचं नाव, सही केल्याची तारीख, वेळ. मग पुन्हा संपल्याची खूण.

त्याखाली पुन्हा मजकूर.

पुन्हा खूण.

तिनं हात माऊसवरून काढून घेतला. बाहेर जीप भरत होत्या, कुणीतरी केजच्या सवाऱ्या पुकारत होता.

"काय दिसलं?" भिवराबाईंनी विचारलं.

"मावशी, हा कागद तीनदा संपतोय."

"म्हंजी?"

"यातलं काही खोडत न्हाईत. वरून नवीन अंथरतात. आपल्याला वरचं दिसतं. खालचं तसंच राहतं."

भिवराबाई उठून तिच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. अक्षर ओळखत नसल्या तरी त्या बराच वेळ बघत राहिल्या. "इहीर खांदताना असं दिसतं," त्या म्हणाल्या. "काळी माती. मग मुरूम. मग मांजऱ्या दगड. ज्याचं त्याचं पट्टं."

पहिला शेवट: कागद तयार झाला.

दुसरा शेवट: सही झाली.

तिसरा शेवट:

गंगासागरनं फाईलची प्रत केली. दुसऱ्या शेवटापासून खालचं सगळं निवडलं. बोट कळीवर ठेवलं आणि दाबेना.

"भ्या वाटतंय का?"

"व्हय."

"दाब."

तेरा केबी गेले. तिनं प्रत रीडरमध्ये उघडली.

*भिवराबाई यांच्या हिश्श्याला एक एकर वीस गुंठे, तसेच विहिरीत निम्मा हिस्सा.*

हिरवी खूण.

दोनशे अठ्ठेचाळीस.

न कापलेल्या फाईलवरही हिरवीच खूण होती. दोन कागद शेजारीशेजारी, दोन वेगळ्या जमिनी, एकच सही. मग तिनं दुसऱ्या संगणकावर रीडरचं नवं रूप घेतलं आणि हनुमानची फाईल त्यात उघडली. वर पट्टी आली: *सही झाल्यानंतर या दस्तऐवजात बदल झाला आहे.*

सहा वर्षं रोज येणारी ती चौकट हेच सांगायला येत होती.

हरकत

अर्ज तिनंच टाइप केला. तीन ओळी सहज झाल्या. चौथी लिहिताना ती थांबली. भिवराबाई घड्याळाकडं बघत होत्या.

*सदर बदल लक्षात न येणारे जुने सॉफ्टवेअर गंगासागर यांच्या सेंटरमधून आपल्या कार्यालयास देण्यात आले होते.*

"हे लिव्हायलाच पाहिजे का?" तिनं वाचून दाखवल्यावर भिवराबाई म्हणाल्या. "तुझं दुकान बसंल की."

"न्हाई लिहिलं तर साहेब म्हणतील, आमच्याकडं तर हिरवी दिसतीय. मग तुमचं काय ऐकतील?"

सव्वापाचला त्या कार्यालयात पोचल्या. राधाकिशन साहेब चहा घेत होते. त्यांनी अर्ज वाचला, चौथ्या ओळीवर थांबले आणि चष्म्यावरून बघितलं.

"तुम्हीच टाकून दिलं होतं ना?"

"मीच."

"आणि आता तुम्हीच म्हणताय की ते आंधळं आहे."

"आंधळं न्हाई साहेब. त्याला सही दिसते. सहीच्या नंतर कुणी काय अंथरलं ते दिसत न्हाई. दाखवते."

पेनड्राइव्ह लावून तिनं दाखवलं. पहिला शेवट, दुसरा, तिसरा. वीस गुंठे, कापल्यावर एक एकर वीस. साहेबांनी "परत दाखवा" म्हटलं. तिनं परत दाखवलं. तिसऱ्यांदा त्यांनी स्वतः केलं, बोटं जपून टाकत. एकर परत आला तेव्हा त्यांनी श्वास सोडला.

"सगळं आतच असतं की हो."

"सगळं."

त्यांनी अर्जावर शिक्का मारला, वेळ घातली, पाच वाजून बेचाळीस, आणि फेरफार वादग्रस्त म्हणून नोंदवला. पोच भिवराबाईंच्या हातात दिली. भिवराबाईंनी ती घडी न घालता पदराखाली धरली.

"चला," गंगासागर म्हणाली.

"थांबा जरा," साहेब म्हणाले. "बसा."

त्यांच्या संगणकावर वर्षभरात मंजूर केलेल्या संमतीपत्रांची यादी होती. सगळी हिरवी खूण बघून मंजूर केलेली. त्यांनी पहिली फाईल आतून उघडली. दोन शेवट, एक कागदाचा, एक सहीचा. बरोबर. दुसरी, दोन. तिसरी, दोन. शिपाई दिवा लावून गेला. सातवी, दोन. साहेब आता प्रत्येक फाईल उघडण्याआधी थोडं थांबत होते.

अकराव्या फाईलला सही एकच होती. शेवट चार निघाले.

राधाकिशन साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"कुणाचं रान हाय ते?" भिवराबाईंनी विचारलं.