चावी बाबांकडे

अंडं फुटल्यावर ‘फट्’ असा आवाज होतो असं लोकांना उगाच वाटतं. आवाज होतो ‘पच्’ असा, आणि तो रोज ऐकला की माणसाला जेवतानासुद्धा पचपच ऐकू यायला लागते. मला यायला लागली होती.

आमचा कारखाना अंडी भरायची यंत्रं बनवतो. म्हणजे बनवणार आहे. आजवर एकच बनलंय आणि ते माझ्या डोक्यावर बसलंय. सरकत्या पट्ट्यावरून अंडी येतात, वरून कॅमेरा त्यांना न्याहाळतो, आणि पट्टा संपायच्या आत रबरी बोटांचा एक हात त्यांना अलगद उचलून खोक्यात ठेवतो. हात बनवला आमच्या मेकॅनिकने, ज्याला सगळे पान्या म्हणतात. त्या हाताला अक्कल द्यायचं काम माझं. आज दुपारी अंडेवाल्या बाई यंत्र बघायला येणार होत्या, आणि मालकांनी मला काल तोंडावरच सांगितलं होतं, “हे बघ, उद्या एक जरी अंडं खाली पडलं तर यंत्र भंगारात, आणि तू लिफ्टच्या कामावर.” लिफ्टचं काम म्हणजे ‘दार बंद होत आहे’ हे वाक्य दार बंद होताना वाजवायचं. दोन वर्षं ज्या यंत्रात जीव ओतला त्याच्या बदल्यात हे! मी मालकांकडे असं पाहिलं की ते चष्मा पुसायला लागले.

हे काम साध्या कॉम्प्युटरला का जमत नाही, असं माझी ताई नेहमी विचारते. अगं बाई, साधा कॉम्प्युटर सगळ्यांची मनं राखत बसतो. याचं थोडं कर, त्याचं थोडं कर, मध्येच पडद्यावर नुसतं गोल गोल फिर. पण अंडं थांबतं का कुणासाठी? हात बरोबर जागी आला पण उशिरा आला, तर ते वरातीमागून घोडं. म्हणून आमच्या यंत्रात रिअल टाइम ऑपरेटिंग सिस्टिम असते. तिला लाड ठाऊक नाहीत. प्रत्येक कामाचा मान ठरलेला. पहिला मान हाताचा, मग कॅमेऱ्याचा, आणि पडद्यावर अंड्यांचा आकडा दाखवणारी मोजणी खालच्या रांगेत. वरच्याला काम आलं की खालच्याने असेल तिथे थांबायचं आणि वाट सोडायची.

इतका चोख कारभार, आणि तरीही मधूनच हात हवेत गोठायचा. क्षणभरच. तेवढ्यात पच्.

मी काय काय नाही केलं! हाताचा मान आधीच सगळ्यांच्या वर, त्याला आणखी चढवू कुठे? मग राग काढला मोजणीवर. पट्ट्याचा वेग एका कप्प्यात लिहिलेला असतो. तो हातालाही लागतो, मोजणीलाही लागतो, आणि कप्प्याची चावी एकच. ज्याच्याकडे चावी, त्यानेच उघडायचं. म्हटलं, ही भवानीच चावी घेऊन रेंगाळत असणार. तिला दिवे, पंखा, भोंगा अशा सगळ्यांच्या खाली ढकललं. बस खाली! तर अंडी आणखीच फुटायला लागली. पान्या म्हणाला, “मॅडम, तुम्ही नका त्रास घेऊ, मी खाली गादी टाकतो.” मी त्याला फडकं फेकून मारलं. तेही अंड्याने भिजलेलं होतं.

तर आजची सकाळ. मी तयार, हेल्मेट डोक्यावर, पाय चपलेत.

“स्कूटरची चावी?”

“बाबांकडे!” आई स्वयंपाकघरातून आणि ताई तिच्या खोलीतून, दोघी एका सुरात.

आज माझा महत्त्वाचा दिवस म्हणून बाबा खाली जाऊन स्कूटर पुसून आले होते. निवृत्त झाल्यापासून बाबांचा आमच्या घरातला मान काय वर्णावा! कुणीही हाक मारावी आणि त्यांनी उठावं. ते दारात दिसले, चावी बोटात, तेवढ्यात आई म्हणाली, “अहो, ही बरणी उघडा बघू आधी.” बाबा आत वळले.

“बाबा, चावी!”

“आलो आलो.”

बरणी उघडते न उघडते तोच ताई ओरडली, “बाबा, मी स्टुलावर चढलेय, पडद्याची दांडी धरा ना!” बाबा तिकडे. दांडी धरतात तोच आई, “अहो, नळ पुन्हा गळायला लागला हो!”

घरात सगळ्यात मोठी घाई माझी, आणि मीच हेल्मेट घालून दारात खांबासारखी उभी. माझं डोकं तापलं. “आई, थांब ना जरा! मला उशीर होतोय, कळत नाही का?”

“मी कुठे तुला अडवलंय?” आई म्हणाली. “मी तर यांना सांगतेय.”

मी हेल्मेट काढून हातात घेतलं.

खरंच की. आईने मला अडवलंच नव्हतं. ताईनेही नाही. माझ्या वाटेत कुणीच नव्हतं. त्यांनी अडवलं होतं बाबांना, कारण बाबांना कुणीही अडवू शकतं. आणि चावी होती बाबांकडे.

“मोजणी!” मी किंचाळले. “बाबा म्हणजे मोजणी! आई, तू कॅमेरा आहेस!”

“हिला ताप आलाय,” आई म्हणाली.

मी ताईला स्टुलावरून उतरवलं आणि स्वतः चढले. “ऐका! मोजणी चावी परत करायलाच निघालेली असते. पण कॅमेरा तिच्यापेक्षा मोठा, तो तिला म्हणतो, थांब तिथेच. ती थांबते, चावी हातात. आणि माझा हात बिचारा चावीसाठी ताटकळतो! आणि मी मूर्ख, तिलाच आणखी खाली ढकलत होते! तेव्हा आजपासून नियम असा. ज्याच्याकडे चावी आहे आणि मोठा ज्याची वाट बघतोय, त्याला तेवढ्यापुरता त्या मोठ्याचा मान! चावी देईपर्यंत बाबा म्हणजे मी. त्यांना कुणीही हाक मारायची नाही!”

बाबांनी दांडी सोडली. पडदा ताईच्या डोक्यावर पडला.

“म्हणजे,” बाबा सावकाश म्हणाले, “चावी माझ्याकडे आहे तोवर मला कुणी काम सांगायचं नाही?”

“नाही.”

त्यांनी चावी शांतपणे खिशात टाकली. “मग मी चहा घेईन म्हणतो.”

“बाबा!”

“देतो की चावी. तिकडे पोचल्यावर देतो.”

पडद्याखालून ताई हसायला लागली, मग आई, मग मी. हसून पोट दुखलं. बाबांनी उभ्यानेच चहा घेतला, चांगला शर्ट चढवला आणि स्कूटर स्वतः चालवली, मला मागे बसवून. चौकात एका ट्रकवाल्याला त्यांनी हात करून थांबवलंसुद्धा. मान चढला होता त्यांना!

कारखान्यात मी प्रोग्रॅममधली फक्त एक ओळ बदलली. पान्या खांद्यावरून बघत होता. “एवढंच?”

“एवढंच.”

“आणि मी गादी आणली ना, मॅडम!”

दुपारी अंडेवाल्या बाई आल्या. उंच, कडक, नमस्काराला नुसती मान हलवणाऱ्या. मालकांचं भाषण त्यांनी अर्ध्यावर तोडलं, सरळ पट्ट्याच्या टोकाशी गेल्या, उकिडव्या बसल्या आणि आपला तळहात खाली धरला. “चालू द्या. अजून जोरात.”

अंडी पळायला लागली. माझ्या छातीतही कुणीतरी पळत होतं. हात उचलतोय, ठेवतोय, उचलतोय, ठेवतोय... आणि मध्येच किंचित थबकला. मेले, वाटलं मला. पान्याने डोळे मिटून घेतले. मोजणीने चावी घेतली होती. पण या वेळी तिला कुणी अडवलं नाही, तिने काम संपवून चावी टाकली, आणि रबरी बोटांनी ते अंडं पट्ट्याच्या अगदी काठावरून उचललं. पच् काही झालं नाही. नंतरही झालं नाही.

बाई उठल्या, तळहात उलटासुलटा करून पाहिला. “कोरडा आहे,” त्या म्हणाल्या. “मला असली चार यंत्रं पाहिजेत.”

मी आणि पान्याने त्या गादीवर उड्या मारल्या. मालक ओरडले, मग तेही चढले. बाईंनी कोपऱ्यात बसलेल्या बाबांना विचारलं, “आपण कोण?”

“मी चावीवाला,” बाबा ताठ बसून म्हणाले. बाईंनी त्यांच्याशी हात मिळवला.

संध्याकाळी स्कूटरपाशी बाबांनी खिशातून चावी काढून माझ्यापुढे धरली. “घे बाई. संपली माझी बढती.” हसत म्हणाले, पण मला एकदम भरून आलं. नियम मला पाठ आहे. चावी दिली की उसना मान त्याच क्षणी परत करायचा. जी सिस्टिम तो परत घेत नाही, ती सदोष.

“तुमच्याकडेच असू दे,” मी म्हटलं आणि मागे जाऊन बसले.

घरी दारातच आईने हाक दिली, “अहो, तो नळ अजून...”

“चावी माझ्याकडे आहे,” बाबा म्हणाले आणि खुर्चीत पाय पसरून बसले.

नळ मी दुरुस्त केला.