बेबीच्या आवाजामागची खोली

कॉम्प्युटरची सिस्टिम बदलण्यात दादाचा फायदा काय होता ते आधी सांगतो, म्हणजे पुढे त्याच्यावर रागवायचं की नाही, हे तुमचं तुम्हाला ठरवता येईल. त्याचा जुना कॉम्प्युटर भंगारात जाण्यापासून वाचणार होता. दरवर्षीची फी वाचणार होती. आणि ऐन गाण्याच्या मध्यावर ‘अपडेट होत आहे, कृपया थांबा’ म्हणत पडद्यावर गरगरणारं ते चाक त्याला पुन्हा बघावं लागणार नव्हतं. याहून कमी फायद्यासाठी माणसांनी बिऱ्हाडं हलवली आहेत.

मित्रांनो, मी एक जुना प्लगइन आहे. प्लगइन म्हणजे मोठ्या प्रोग्रॅमच्या घरातला पोटभाडेकरू. घर रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमचं, मी आपला एका कोपऱ्यात. कुणी कपाटाएवढ्या जागेत गायलं, तरी ते प्रशस्त, उंच छताच्या दालनात गायल्यासारखं ऐकू यावं, एवढंच माझं काम. आवाजामागे मी खोली बांधतो. वीट लागत नाही, चुना लागत नाही.

मला घडवलं एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या माणसाने. लिफ्ट बंद असली की त्याला जिने चढावे लागत, आणि रिकाम्या जिन्यात तो टाळी वाजवून ऐकत उभा राही. टाळी कशी पसरते, कुठे विरते, हे तो टिपून घेई. इमारतीतल्या लोकांना वाटे, याचा एखादा स्क्रू सैल आहे. त्या टाळ्यांमधून मी झालो. मात्र त्याने मला एकाच ऑपरेटिंग सिस्टिमची भाषा शिकवली आणि अंगाला कुलूप घातलं. नव्या कॉम्प्युटरवर बसवायचं तर आधी त्याच्या दाराशी जाऊन परवानगी मागायची, असा नियम. माझं पोट उघडून आत काय आहे ते पाहायची सोय कुणालाच नाही. तेव्हा मला त्या कुलपाचा अभिमान वाटे. काही वर्षांनी तो थकला, त्याने वेबसाइट बंद केली. परवानगी देणारं दारच राहिलं नाही.

त्याआधी मला दादाने घेतलं होतं. दादाचा स्टुडिओ म्हणजे सायकल दुरुस्तीच्या दुकानामागची खोली. भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. सायकलवाला जेवायला गेला आणि हातोडा थांबला, की मगच गाणं घ्यायचं. गाणारी असे दादाची धाकटी बहीण बेबी. वयाची चाळिशी आली तरी नाव बेबीच. ती सहा गाणी गायली, सगळी त्या गाद्यांच्या कोंदट खोलीत, आणि मग माझी पाळी आली.

“दादा, मागची भिंत जरा लांब कर ना.”

“भिंत कुठाय बाई? बटण आहे ते.”

“मग बटण लांब कर.”

“आता हे बघ, झालं.”

“हे विहिरीत पडल्यासारखं झालं. सर तू बाजूला.”

तिने दादाला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः बसली. माझी बटणं केसभर इकडे, केसभर तिकडे करत तिने अख्खी दुपार घातली. दादा दोनदा चहा पिऊन आला. शेवटी तिने डोळे मिटले आणि म्हणाली, “हं. ही मी.” मित्रांनो, माझी तारीफ अनेकांनी केली आहे, पण असं मला कुणी म्हटलं नव्हतं.

आता इथे एक गोष्ट नीट ऐका. गाण्यासोबत माझं काम कायमचं गोठवून ठेवायचं एक बटण त्या प्रोग्रॅममध्ये असतं. ते दाबलं की पुढे मी असो-नसो, गाणं तसंच राहतं. दादाने ते दाबलं नाही. “उगाच डिस्कवर जागा अडते,” म्हणाला. आणि गाणी बाहेरही काढली नाहीत, कारण त्याला रोज वाटे, अजून एकदा कान द्यायला हवा. हा ‘अजून एकदा’ वर्षानुवर्षं चालला. बेबीचा आवाज कोरडाच्या कोरडा डिस्कवर, आणि तिने लावलेली बटणं फक्त माझ्या पोटात.

मग दादाने बिऱ्हाड हलवलं. म्हणजे त्याच जुन्या कॉम्प्युटरवर खुली ऑपरेटिंग सिस्टिम घातली, जी कुणीही उघडून पाहावी, दुरुस्त करावी, फुकट वाटावी. चांगली घरं असतात ती, माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. अडचण माझी होती. मला तिथली भाषा येत नव्हती. पण तिथे एक दुभाषा प्रोग्रॅम होता. मी जुन्या भाषेत बोलायचो, तो तिथल्या भाषेत सांगायचा, आणि परत. दादाने मला जुन्या परवानगीसकट तसंच्या तसं उचलून आणलं होतं. इतकं बेमालूम जमलं, की मी परक्या घरात आहे हे मला कळलंही नाही. हा दुभाषा ज्याने लिहिला होता, त्याला कुणी पाहिलेलं नव्हतं. इंटरनेटवर तो स्वतःला ‘भिजकं मांजर’ म्हणवायचा. नोकरीवरून आल्यावर, फुकटात, तो दुभाष्याची डागडुजी करायचा.

मध्यंतरी बेबीच्या गळ्यातली गाठ काढावी लागली. गाठ निघाली, जीवावरचं टळलं, पण वरचे सूर गेले. मग ती एक दिवस स्टुडिओत आली आणि म्हणाली, “दादा, आता ती गाणी बाहेर काढच. मी कशी गायचे, तेवढं तरी राहू दे.”

दादाने प्रोग्रॅम उघडला. आदल्याच आठवड्यात त्याने सगळी सिस्टिम नवी केली होती, दुभाष्यासकट. माझी खिडकी काळी ठिक्कर. आवाज माझ्यात शिरेना, बाहेर पडेना. जुना दुभाषा परत आणून पाहिला, तर तो नव्या सिस्टिमवर उभा राहीना. जुनी सिस्टिम नव्याने घालावी, तर माझं कुलूप हा नवाच कॉम्प्युटर समजणार, मला पुन्हा परवानगी हवी, आणि दाराशी कुणी नाही.

“जरा तांत्रिक आहे,” दादा बेबीला म्हणाला. “तू जा घरी, मी कळवतो.”

मग त्याने मांजराला खरमरीत लिहिलं. लोकांचं काम बिघडवता, जबाबदारी घेता येत नसेल तर असले धंदे करता कशाला, वगैरे. मांजराचं उत्तर सकाळी आलं. ‘माफ करा. हा प्लगइन आता कुठे मिळत नाही, माझ्याकडे त्याची प्रत नाही, त्यामुळे माझ्याकडे बिघाड दिसत नाही. सोबत लिहिलेली आज्ञा कॉम्प्युटरवर चालवा आणि पडद्यावर जे उमटेल ते मला पाठवा. दुरुस्त होईल असं वाटतं.’

दादाने ते वाचलं, खुर्ची मागे सरकवली.

“मी वापरणारा आहे. ह्यांचा हरकाम्या नाही,” असं तो गाद्यांना म्हणाला, आणि तेच मांजरालाही लिहिलं. मांजराने पुन्हा एकदा विचारलं, सौम्यपणे. मग विचारलं नाही. पुढच्या वेळी दुभाषा नवा झाला, तेव्हा माझ्यासारख्या जुन्यांची भाषा त्यातून गाळलेली होती. कुणी मागितली नाही, अशी नोंद होती.

दादाने दुसरा प्लगइन आणला. खुला, तिथलाच, कामाला चोख. पण बेबीची बटणं त्याला कोण सांगणार? दादाने अंदाजाने लावली. बेबीने हेडफोन चढवले आणि पहिलं गाणं संपेपर्यंत हलली नाही.

“कसं वाटलं?”

“छान आहे.” तिने हेडफोनची वायर बोटाला गुंडाळली. “मला वाटायचं, मी याहून बरी गायचे.”

मित्रांनो, ही ती वेळ होती. ‘बेबी, तू याहून बरी गायचीस, तुझी खोली माझ्या हातून हरवली,’ एवढं वाक्य पुरलं असतं. दादाने चष्मा पुसला.

“आठवणीत सगळंच मोठं वाटतं गं,” तो म्हणाला.

“असेल.”

गाणी बाहेर आली. ओळखीच्यांनी कौतुक केलं. मी अजून त्याच डिस्कवरच्या एका फोल्डरमध्ये आहे, ती दुपार पोटात घेऊन, आणि ती बोलून दाखवायला मला तोंड नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या गाणी करेल, कुणी माझ्यासारखे प्लगइन घडवेल. गाणाऱ्यांनो, घर बदलण्याआधी काम गोठवून ठेवा, जागा अडली तर अडू द्या. घडवणाऱ्यांनो, दुकान बंद करताना किल्ली दाराशी ठेवून जा. आणि फुकट राबणाऱ्याने काही मागितलं, तर ते त्याला द्या.

बाकी हिशोब सरळ आहे. लिफ्टवाल्याचं आता कुणाशी देणंघेणं नाही. मांजराच्या काही संध्याकाळी गेल्या, वर बोलणी खावी लागली. दादाची फी वाचली, डिस्कवरची जागा वाचली आणि मांजराचं उत्तर बेबीला न दाखवल्यामुळे अब्रूही वाचली. उरलेलं सगळं बेबीने भरलं. आपण काही भरलं, हे तिला ठाऊक नाही. आपला आवाज पहिल्यापासून एवढाच होता, अशी तिची समजूत आहे.