स्वस्तातला पॉवर सप्लाय

क्वालालंपूरच्या त्या कॉम्प्युटर बाजारात तिसऱ्या मजल्यावर रोस्नानचं दुकान होतं. एके काळी तिथे खांद्याला खांदा घासल्याशिवाय चालता येत नसे. आता दहातले सात गाळे बंद. गिऱ्हाइकं येत, कीबोर्डची बटणं दाबून बघत, भाव विचारत आणि सरकत्या जिन्यावर उभ्या उभ्या तीच वस्तू मोबाइलवर मागवत. रोस्नानला ते वरून स्पष्ट दिसायचं.

मार्हैनी तसली नाही, असं तो धरून चालला होता. त्याच्या बहिणीची ती वर्गमैत्रीण. लहानपणापासून सख्ख्या भावासारखं त्याला ‘अबांग’, म्हणजे दादा, म्हणायची. घरांच्या अंतर्सजावटीचे आराखडे काढायची तिची नोकरी गेली, तेव्हा घरूनच काम करायचं ठरवून ती त्याच्याकडे आली.

“अबांग, अडीच हजार रिंगिटच्या वर माझ्याकडे दमडी नाही. पण मशीन असं जोडून द्या की पडद्यावर भिंत फिरवून दाखवताना धापा टाकायला नको.”

तीनदा आली. तिन्ही वेळा दोन-दोन तास बसली. कुठल्या मदरबोर्डवर कुठला प्रोसेसर बसतो, कुठे पैसे वाचवायचे, कुठे नाही, सगळं त्याने कागदावर लिहून दिलं.

“कॉम्प्युटरच्या खोक्यात रंगीत दिवे कशाला हवेत? नाइट क्लब काढायचाय का?” तो म्हणाला. “ते पैसे पॉवर सप्लायमध्ये घाल. तिथे चिकटपणा केलास, तर बाकीचंही जळून जाईल.”

ती खळखळून हसली. “शनिवारी येते सगळं घ्यायला.”

एक जेमतेम वापरलेलं ग्राफिक्स कार्ड त्याने तिच्यासाठी कुलपात ठेवलं. पडत्या भावात द्यायचं ठरवलं. मधे दोघांनी मागितलं, त्यांना चक्क नाही म्हणाला.

शनिवारी ती चाकांची बॅग ओढत आली. आत कॉम्प्युटरचे सुटे भाग होते. इंटरनेटवरून मागवलेले.

“रागवू नका हं, अबांग. तिथे सवलत लागली होती. पण जोडून तुम्हीच द्या बाई, दुसऱ्या कुणाच्या हातात मी देणार नाही.”

बॅगेतून त्याच्याच हस्ताक्षरातली यादी निघाली. ग्राफिक्स कार्डाची ओळ सोडून प्रत्येक ओळीपुढे बरोबरची खूण. एकच वस्तू बदललेली होती, पॉवर सप्लाय. तो तिने हलका घेतला होता.

रोस्नान मान खाली घालून तीन तास स्क्रू पिळत राहिला.

“कार्ड तेवढं राहिलंय,” ती म्हणाली. “तिथे सगळी महाग होती. तुमच्याकडे जुनं एखादं असेल ना?”

त्याचा हात किल्लीकडे गेला आणि तिथूनच परतला. त्याने वरच्या फळीवरचं दुसरंच कार्ड काढलं. कॉम्प्युटरवर आभासी नाणी कमावण्याच्या मागे लागलेल्या एका माणसाने दोन वर्षं चोवीस तास जुंपून ते भाजून काढलं होतं. रोस्नानने ते भंगारात घालायला ठेवलं होतं. त्याने फडक्याने ते लखलखीत पुसलं.

“हे घे. फारसं वापरलेलं नाही.”

तिने घासाघीस केली नाही. “तुम्ही म्हणताय म्हणजे चांगलंच असणार.”

एकोणिसाव्या दिवशी ती पायऱ्यांकडून येताना दिसली, तशी रोस्नानने उत्तरं जुळवून ठेवली. जुन्या मालाची हमी आठवड्याची असते. बाकीचा माल कुठून घेतलास, त्यांना विचार. इतके दिवस गिळलेलं सगळं आज तिच्या तोंडावर फेकायचं.

तिचे डोळे सुजलेले होते. तिने काउंटरवर मिठाईचा डबा ठेवला.

“अबांग, मी माती खाल्ली.”

गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना पडदा काळा झाला होता. दोन मजली घराचं काम हातचं गेलं होतं.

“तुम्ही बजावून सांगितलं होतं. मी ऐंशी रिंगिट वाचवायला गेले आणि तुमचं चांगलं कार्ड जाळून बसले.”

जुळवलेलं एकही उत्तर आता उपयोगाचं नव्हतं. रोस्नानने पॉवर सप्लाय मीटरला लावला. आकडा बरोबर होता, अगदी बरोबर. त्याने मीटर आपल्याकडे वळवून घेतला.

“गेलाय ना?” तिने विचारलं.

खरं सांगायला एक क्षण पुरला असता. तो क्षण त्याने मीटरची वायर गुंडाळण्यात घालवला.

“गेलाय,” तो म्हणाला.

तिने नवा पॉवर सप्लाय घेतला. कुलपातलं कार्डही घेतलं, पुऱ्या भावाने. भाव कमी करायचं त्याच्या मनात आलं होतं. पण कमी केला तर तिला शंका येईल, असं त्याने स्वतःला पटवलं.

महिन्याभराने ती जुन्या कचेरीतल्या एका मैत्रिणीला घेऊन आली. “हे सांगतील ते मुकाट घ्यायचं,” ती दारातूनच बजावत होती. “मी शहाणपणा केला आणि भोगला.”

मैत्रिणीने कुठलाच भाव मोबाइलवर ताडून पाहिला नाही. असं गिऱ्हाईक या मजल्यावर कित्येक वर्षांत फिरकलं नव्हतं.

“ग्राफिक्स कार्ड जुनं चालेल का हो?” तिने विचारलं.

“अबांग देत असतील तर डोळे मिटून घे,” मार्हैनी म्हणाली.

“नवंच घ्या,” रोस्नान एकदम तुटकपणे बोलला. “जुनं नाही ठेवत मी.”

मार्हैनीने मैत्रिणीला कोपर मारलं. “बघ! दुसरा कुणी असता तर जुनं गळ्यात मारून मोकळा झाला असता.”